मुंबई–सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती? (आणि बाबांचा एक तास हरवलाय)

चिंचगूळ | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, भावाकडे फ्रीमाँटला. मुंबई–दुबई–सॅन फ्रान्सिस्को असं एका थांब्याचं तिकीट आहे, ८ नोव्हेंबरचं. व्हीलचेअर, विमा, लोणच्याच्या बरण्या यांवर इथे ढीगभर धागे आहेत, ते वाचून झालेत. माझा प्रश्न निराळा आहे. खरं म्हणजे माझा नाहीच, बाबांचा आहे.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निम्मी नोकरी कराडला गेली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजूनही कुठल्याही गाडीत चढले की आधी घड्याळ बघतात, मग सीट. तिकिटाची प्रिंट हातात पडल्यापासून वही काढून बसलेत आणि मला दर दोन तासांनी फोन.

पहिली भानगड अशी. मुंबईहून विमान पहाटे ३.३० ला सुटतं आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला दुपारी १२.५० ला पोचतं. घड्याळात झाले ९ तास २० मिनिटं. भाऊ म्हणतो तिकडचा-इकडचा फरक साडेबारा तासांचा. बेरीज २१ तास ५० मिनिटं. तिकिटावर एकूण प्रवास छापलाय २२ तास ५० मिनिटं. "एक तास कुणी खाल्ला?" हे शुक्रवारपासून घरात घुमतंय.

दुसरी भानगड: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटर, असं भाच्याने शोधून दिलं. विमान ताशी ९००. म्हणजे १५ तास. मग बाकीचे आठ तास विमान करतं काय? दुबईचा थांबा साडेतीन तासांचा आहे, तो वजा केला तरी हिशोब बसत नाही.

आणि तिसरी, जिच्यावर मला काहीच सांगता आलं नाही. भाऊ गेल्या वर्षी हाँगकाँगवरून आला-गेला. येताना सॅन फ्रान्सिस्को–हाँगकाँग पावणेपंधरा तास लागले, जाताना तेच अंतर साडेबारा तासांत. बाबा म्हणाले, "चिपळूणहून वर येताना गाडी कुंभार्लीत रडते, खाली जाताना पळते, हे कळतं. हवेत कसला आलाय घाट?"

कुणी समजावून सांगेल का? सोपं करून सांगा, पण पोरकट नको. वेळापत्रकाच्या बाबतीत बाबांना गंडवता येत नाही.

फुलपात्र | १२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

एक तासाचा चोर सापडला. इकडे अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे. यंदा तो पहिला रविवार २ नोव्हेंबरला येतोय. भाऊ आजच्या तारखेचा फरक सांगतोय, साडेबारा. तुमचे आई-बाबा ८ तारखेला निघतील तेव्हा तो साडेतेरा झालेला असेल. ९.२० अधिक १३.३० म्हणजे २२.५०. तिकीट बरोबर, बाबाही बरोबर, चुकला तो भाऊ. वीस वर्षं बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) काढूनही मी दर नोव्हेंबरात आईला नको त्या वेळी फोन करते, तेव्हा त्याला फार बोलू नका.

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या स्थानिक असतात, त्यामुळे विमान चुकायची भीती नाही.

तांब्या | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१८

माझा एक बाळबोध उपाय. पृथ्वी फिरतेच आहे ना? हेलिकॉप्टर घेऊन जुहूला सरळ वर जायचं, बारा तास तिथेच घिरट्या मारत चहा प्यायचा, अमेरिका खाली आली की उतरायचं. पेट्रोलही कमी.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

अक्षांश | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५०

दिवे घेतले, पण हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं, म्हणून उत्तर देऊन टाकतो. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने धावते. पण हवाही तिच्याबरोबरच धावते आणि तुझं हेलिकॉप्टरही. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर मागच्या डब्यात पडतोस का? तसंच. बारा तासांनी खाली जुहूच असेल आणि चहा गार झालेला असेल.

आता बाबांच्या घाटाबद्दल. हवेत घाट आहे. त्याला जेट प्रवाह म्हणतात. जमिनीपासून ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात त्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा अरुंद पाट. ताशी दीडशे-दोनशे किमी वेग ही त्याची रोजची गोष्ट, हिवाळ्यात तीनशेच्या पुढेही जातो. विषुववृत्ताजवळची हवा तापून वर चढते आणि ध्रुवाकडे निघते. विषुववृत्तावरून निघताना तिच्याकडे पूर्वेकडचा मोठा वेग असतो. ध्रुवाकडे जावं तसा पृथ्वीचा घेर लहान होत जातो, हवेचा वेग मात्र तिच्यापाशीच राहतो. मग ती खालच्या जमिनीच्या पुढे पळायला लागते.

हाँगकाँगहून अमेरिकेकडे जाणारं विमान पॅसिफिकवर या पाटात शिरतं आणि उतारावरच्या गाडीसारखं पळतं. परत येताना तोच पाट अंगावर. म्हणून साडेबारा आणि पावणेपंधरा.

जाता जाता, हा प्रवाह पहिल्यांदा नीट मोजला तो वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२०च्या दशकात, फुगे सोडून. त्याने आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, जगाला कळावा म्हणून! जगाने वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेली अमेरिकन बॉम्बफेकी विमानं या वाऱ्यात अडखळली, तेव्हा कुठे बाकीच्यांचे डोळे उघडले.

मावशीबोली | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

वाचनखूण साठवली. पण एक शंका. जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो, म्हणजे एकूण फिट्टमफाट. मग कंपन्यांना काय फरक पडतो?

अक्षांश | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.५५

वाटतं तसं, पण होत नाही. साडेतेरा हजार किमी, वेग ९००, वारा नाही: जाऊन-येऊन १५ + १५, तीस तास. आता ताशी १०० चा वारा धरा. जाताना वेग १,०००, वेळ साडेतेरा तास. येताना वेग ८००, वेळ १६ तास ५२ मिनिटं. बेरीज ३० तास २२ मिनिटं. दीड तास मिळाला आणि पावणेदोनच्या वर गेला. कारण साधं आहे, उलटा वारा तुम्हाला जास्त वेळ छळतो. बाबांना सांगा, घाटात वाया गेलेली मिनिटं सपाटीवर भरून निघत नाहीत. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

वातकुक्कुट | १३ ऑक्टोबर, रात्री ८.१५

आयुष्य विमान कंपन्यांच्या डिस्पॅच विभागात गेलं, म्हणजे उड्डाण कुठून न्यायचं, इंधन किती भरायचं याचा कागद करण्यात. हे कामही एका अर्थी वाहतूक नियंत्रकाचंच, तेव्हा चिंचगूळताईंच्या वडिलांना एका धंदेबंधूचा नमस्कार.

दुसऱ्या भानगडीबद्दल. तिकिटावर असतो तो आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. चाकांखालची अडण काढल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा अडण लावेपर्यंतचा वेळ. त्यात ढकलगाडीने मागे घेणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, उतरायच्या आधी घिरट्या, सगळं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार एका वेळी एका पट्टीवर चालतो. परवा ८ तारखेला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालंय, तिथून उड्डाणं सुरू झाली की बघू काय होतं ते.

आता आकडे. मुंबई–दुबई १,९३० किमी. ९०० ने भागलं तर २ तास ९ मिनिटं. तिकिटावर ३ तास २० असतील. दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४० किमी, भागाकार साडेचौदा तास. तिकिटावर १६ असतील. जवळच्या टप्प्यावर सव्वा तास जास्त आणि त्याच्या पावणेसात पट लांब टप्प्यावर फक्त दीड तास जास्त, हे लक्षात घ्या. स्टँडमधून बाहेर पडायला गाडीला जो वेळ लागतो तो इस्लामपूरला जायचं असो की मुंबईला, तेवढाच.

म्हणजे ३.२० + ३.३० + १६.०० = २२.५०. आणि दुबईचा वळसा वाटतो तेवढा महाग नाही. सरळ रेषा १३,५१० किमी, दुबईवरून १४,९७०. वाढले १,४६० किमी, दीड-पावणेदोन तासांचं उडणं. बाकीचा वेळ खुर्चीत बसून जातो, हवेत नाही.

मावशीबोली | १३ ऑक्टोबर, रात्री ८.४०

मला वाटायचं दुबईवरून म्हणजे पश्चिमेला युरोप, मग अटलांटिक. पण माझ्या नणंदेने खिडकीतून बर्फच बर्फ बघितला म्हणे.

अक्षांश | १३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नकाशा फसवतो. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. ती १५६९ ची, दर्यावर्दी लोकांसाठी केलेली, दिशा राखते आणि अंतरांची वाट लावते. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोरा ताणून धरा. तो पश्चिमेला जाणारच नाही. राजस्थान, हिमाचल, लडाख, शिनजियांग, सायबेरिया असा जवळजवळ उत्तरेला चढेल, ७७ अंश उत्तरेच्या आसपास माथा गाठेल आणि मग पलीकडे उतरेल.

आणि तुमच्या तिकिटाची तर गंमतच आहे. दुबई ५५ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. बेरीज करा: १७७ च्या वर. म्हणजे एक गाव जवळपास दुसऱ्याच्या पाठीमागच्या रेखावृत्तावर आहे. सरळ रेषा उत्तर ध्रुवापासून अवघ्या दोनशे किमीवरून जाते.

यामुळे बाबांना शाळेच्या नकाशासंग्रहावर अंतर स्वतः काढता येईल. दुबई २५.२५ अंश उत्तर, म्हणजे तिथून ध्रुव ६४.७५ अंश. सॅन फ्रान्सिस्को ३७.६ उत्तर, ध्रुवापासून ५२.४ अंश. ध्रुवाच्या या बाजूचे अधिक त्या बाजूचे, ११७ अंशांच्या थोडं वर. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किमी. गुणा.

चिंचगूळ | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

बाबांचा पहाटे साडेपाचला फोन. "तेरा हजार आले. बरोबर आहे त्यांचं." पुढे म्हणाले, मुंबईचं असंच करून बघितलं तर १३,७०० येतात, वातकुक्कुट साहेब १३,५१० म्हणतात, कोण चुकलं?

अक्षांश | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

कोणीच नाही. मुंबई सॅन फ्रान्सिस्कोच्या बरोबर पाठीमागे नाही, १५ अंश बाजूला आहे. ध्रुवापर्यंत जाऊन मग वळायचं म्हणजे चौकापर्यंत जाऊन वळल्यासारखं. सरळ रेषा चौकाच्या अलीकडच्या गल्लीतून वाट काढते, १९० किमी वाचतात. पण बाबांना एवढं सुचलं याबद्दल त्यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

दहिसर_लोकल | १४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

सरळ रेषा, दोरा, सगळं कागदावर छान. आम्ही मे महिन्यात थेट विमानाचे जास्तीचे पैसे मोजले आणि ते मधेच युरोपात इंधनाला उतरलं. खाली उतरूही दिलं नाही, आत बसून दोन तास. सोबत सासूबाई. कंपनीचं नाव घेत नाही, पण "थेट" या शब्दाचा अर्थ मला कुणीतरी सांगा.

वातकुक्कुट | १४ ऑक्टोबर, रात्री ९.३०

दहिसर_लोकल, त्रास झाला हे खरं. पण त्या काळात हा प्रकार बऱ्याच जणांच्या वाट्याला आला. कारण जमिनीवरचं आहे.

आकाशातही हद्दी असतात. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आहे, आपणही त्यांना केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना खाली अरबी समुद्रावरून वळसा पडतो. लांबच्या उड्डाणात तेवढं जादा इंधन टाकीत मावत नाही, किंवा मावलं तरी प्रवासी आणि सामान कमी करावं लागतं. मग व्हिएन्ना, कोपनहेगन असे थांबे घेतले गेले. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै हेच झालं होतं. परदेशी कंपन्यांना ही बंदी नाही. दुसरीकडे २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आपल्याला येतं. म्हणजे त्याच दोन गावांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कुठला झेंडा आहे यावर बदलतं.

रशियावरून जाण्यातही गोम आहे. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरवावं लागलं. प्रवाशांना दुसरं विमान जाऊन घेऊन आलं. नकाशात मगदान शोधा, मग कळेल "वाटेत कुठे उतरता येईल" हा प्रश्न आम्ही आधी का सोडवतो.

लडाख-तिबेटवरून जाणंही विमानं सहसा टाळतात, कुणाला भीती वाटते म्हणून नव्हे. केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाला लगेच १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून पडणाऱ्या मुखवट्यातला प्राणवायू पंधराएक मिनिटांचाच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. खाली यायचं कुठे?

तांब्या | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४४

म्हणजे अक्षांश सरांचा दोरा लडाखवरून जातो, आणि विमान दोऱ्याला विचारत नाही.

अक्षांश | १४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मान्य आहे रे. दोरा म्हणजे वधूवरसूचक मंडळातली माहिती. प्रत्यक्षात काय ते भेटल्यावर.

वातकुक्कुट | १४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

दोऱ्याविरुद्धचं सर्वात मोठं उदाहरण देतो. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट उड्डाण डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. आधी ते अटलांटिकच्या बाजूने जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट फिरवलं, पूर्वेला चीन-जपानकडून पॅसिफिकवरून. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी. चौदाशे किमी वाढले, आणि विमान जवळपास दोन तास आधी पोचायला लागलं. साडेचौदा तास. त्या वेळी ते अंतराने जगातलं सर्वात लांब विनाथांबा उड्डाण ठरलं होतं. परत येताना पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी. घाट दोन्हीकडून उताराचा.

फुलपात्र | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

हे भारी आहे. म्हणजे मी हाँगकाँगवरून आले आणि लंडनवरून गेले तर उलटं होतं, दोन्ही वेळा चढण?

वातकुक्कुट | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

बरोबर. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला यायचं तर लंडनवरून या, परत जाताना हाँगकाँगवरून जा. अंतर जवळपास सारखंच: लंडनवरून १५,८०० च्या आसपास, हाँगकाँगवरून १५,४००. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या इतक्या विरुद्ध अंगांना आहेत की पूर्व आणि पश्चिम दोन्ही वाटा चालतात. फक्त सिंगापूरवरून नको, साडेसतरा हजार होतात. तिकिटाचे पैसे मात्र वाऱ्याकडे बघून ठरत नाहीत.

वारा किती करू शकतो ते फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सातपर्यंत लागतात.

चिंचगूळ | १५ ऑक्टोबर, रात्री ९.००

सगळं वाचून दाखवलं. बाबा खूश, पण आता नवीन शंका. त्यांनी परतीचं तिकीट काढून शेजारी ठेवलं. २६ एप्रिलला दुपारी ३.५० ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६.३० ला दुबई. फरक अकरा तासांचा धरला की १५ तास ४० मिनिटं. (एप्रिलमधली घड्याळं त्यांनी आपण होऊन सुधारून घेतली, विचारावंही लागलं नाही.) जाताना १६ तास, येताना १५.४०. म्हणाले, "हाँगकाँगला सव्वादोन तासांचा घाट, आणि आमच्या रस्त्याला वीस मिनिटांचा? आमच्या वाटेला वारा सुट्टीवर आहे का?"

अक्षांश | १५ ऑक्टोबर, रात्री ९.२५

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

जेट प्रवाह पश्चिम-पूर्व वाहतो. हाँगकाँगचं विमान पॅसिफिकवर त्याच्या अंगाबरोबर किंवा अंगावर जातं. तुमचं विमान दुबईहून जवळपास सरळ उत्तरेला जातं, ध्रुव ओलांडतं आणि सरळ दक्षिणेला उतरतं. वाऱ्याचा पाट ते लांबीने कापत नाही, आडवा ओलांडतं. नदी पोहून पार करणाऱ्याला प्रवाह बाजूला ढकलतो, पुढे-मागे फारसा नाही. कुंभार्लीचा घाट चढणाऱ्याला आणि उतरणाऱ्याला वेगळा वाटतो. पण घाटमाथ्यावरून कडेकडेने चालणाऱ्याला जाता-येता सारखाच.

वातकुक्कुट | १५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

+१. उरलेली वीस मिनिटं वाट, मोसम आणि विमानतळावरची गर्दी यांतली. वडिलांना आमच्याकडे नोकरी देता आली असती.

मावशीबोली | १६ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

ते सगळं झालं हो, पण सोळा तास बसायचं कसं ते कुणी सांगेल का? दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, पाणी प्यायचं, पोटऱ्या हलवायच्या. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. धपाटे-पुऱ्या न्या, पण तिकडच्या कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांगा. ताजी फळं नकोतच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर घड्याळ बदलल्यावर डोस कसा हलवायचा ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, शेजारच्या काकांना नाही.

अक्षांश | ६ नोव्हेंबर, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. चिंचगूळ, बाबांना दुबईनंतरच्या विमानात डावीकडची खिडकी मिळते का बघा. का ते सांगत नाही, त्यांनाच लिहून ठेवू द्या.

चिंचगूळ | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५५

पोचले दोघं! उशीर झाला सांगायला, माफ करा. डावीकडची खिडकी मिळाली. आईने पहिल्या दहा मिनिटांत स्वेटर डोक्यावरून घेतला आणि झोपली, त्यामुळे पुढचं सगळं बाबांच्या वहीतून. त्यांनी मनगटावरचं घड्याळ शेवटपर्यंत भारतीय वेळेवर ठेवलं होतं. फोटो पाठवलाय, त्यावरून उतरवून काढते:

"दुबई सुटणे १०.२० ऐवजी १०.३२. रांगेत पुढे नऊ विमाने. जमीन सुटली १०.५५. डावीकडे समुद्र, मग डोंगर, सगळे उघडे, आपल्या माणच्यासारखे.

१.३० जेवण. पडद्यावर वेग ८८०.

३.०० खाली बर्फ. सूर्य फार खाली आहे, दुपार असून.

४.१० सूर्य मावळला. मुलगी येऊन झडप लावा म्हणाली. लावली. बोटभर फट ठेवली.

६.३० पूर्ण काळोख. चांदण्या. पडद्यावर विमान नकाशाच्या अगदी माथ्यावर. सगळे झोपलेत. वाऱ्याचा वेग पडद्यावर येतो पण आडवा आहे की उभा ते कळत नाही.

९.३० उजेड येऊ लागला, पुढच्या बाजूने.

१०.०० सूर्योदय. आज दुसरा. तारीख तीच."

खाली वेगळ्या शाईत लिहिलंय: "पोचणे १२.५० ऐवजी १२.४१. नऊ मिनिटे लवकर. शेरा: चालक चांगला."

वातकुक्कुट | ११ नोव्हेंबर, रात्री १०.१०

बारा मिनिटं उशिरा सुटून नऊ मिनिटं लवकर. म्हणजे वेळापत्रकात बरीच ऐसपैस जागा ठेवली होती. हे त्यांनी ओळखलं असणारच.

अक्षांश | ११ नोव्हेंबर, रात्री १०.१५

डावीकडची खिडकी याचसाठी. नोव्हेंबरात ७३-७४ अंशांच्या वर सूर्य उगवतच नाही. विमान दुपारच्या दिवसातून ध्रुवाच्या रात्रीत शिरतं आणि पलीकडे अमेरिकेच्या सकाळीत बाहेर पडतं, त्याच तारखेच्या. जाताना मावळतो तो मागे डावीकडे, उगवतो तो पुढे डावीकडे.

आता परतीचं सांगून ठेवतो. एप्रिलच्या शेवटी उलटं असतं, वर सूर्य मावळत नाही. दुपारी पावणेचारला निघून दुबईला संध्याकाळी साडेसहाला उतरतील तेव्हा तिथेही सूर्यास्ताला दहा-पंधरा मिनिटं असतील. पंधरा तास चाळीस मिनिटं अखंड ऊन. रात्र नाहीच.

चिंचगूळ | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं. तिकडे संध्याकाळ, ते भावाच्या गल्लीत बसच्या वेळा टिपत फिरतायत. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मग रात्रीच्या जेवणानंतरची गोळी मी घ्यायची कधी?"

मावशीबोली, हे खरंच डॉक्टरांनाच विचारावं लागणार.